सुर्वेबाईंची खुर्ची

मागच्या महिन्यात मारुती मंदिराच्या चौकात एक भलामोठा फलक लागला. गुलाबी रंग, ओठ रंगवलेल्या बाईचा अर्धाच चेहरा आणि खाली ठळक अक्षरं: 'रत्नागिरीतील पहिले सौंदर्यप्रशिक्षण केंद्र'. माझी रिक्षा तिथं जरा अडकली होती. मी ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. पहिलं? कुणाला विचारून पहिलं?

"काय झालं आजी?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"तुझा बाप जन्मला नव्हता तेव्हा या गावात असा वर्ग होता," मी म्हटलं. "मी शिकलेय त्यात."

तो आरशातून माझ्याकडे बघून हसला. म्हातारीला ऊन लागलं असणार, असं त्याला वाटलं असावं. त्याचा दोष नाही. गावाला एखादं माणूस विसरायचं असलं की गाव फार सफाईनं विसरतं. पण मी अजून जिवंत आहे आणि मला सगळं आठवतं. मला रागसुद्धा आठवतो, तो तर जसाच्या तसा.

रामआळीच्या टोकाला एका छत्रीवाल्याच्या दुकानावर माडी होती. पन्नास सालानंतर, मी मॅट्रिकला गणितात आपटले त्या वर्षी, त्या माडीच्या कठड्याला पाटी लागली: 'केशभूषा व सौंदर्यशिक्षण वर्ग. फक्त स्त्रियांकरिता. सौ. वत्सला सुर्वे.' गावानं पहिल्यांदा त्या 'सौ.'वरच बोट ठेवलं. नवरा कुठाय? कुणी म्हणे बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी आहे, कुणी म्हणे आफ्रिकेत दुसरा संसार थाटलाय, कुणी म्हणे मुळात नाहीच. बाईंना तोंडावर विचारणाऱ्याही निघाल्या. बाई म्हणायच्या, "असेल तिथं सुखात असो. केस मोकळे करा." मला आजही त्या नवऱ्याचं काही ठाऊक नाही. एखाद्या पुरुषानं गावात दुकान टाकलं तर त्याची बायको कुठाय, असं कुणी त्याच्या पाटीखाली उभं राहून विचारत नाही.

बाई उंच होत्या, अंगानं रुंद, रंगानं चांगल्या काळ्या, आणि चेहरा देवीच्या वणांनी भरलेला. आता अशा बाईनं सौंदर्याचा वर्ग काढला म्हटल्यावर गावाला आयताच विषय मिळाला. "हिनं आधी आपलं तोंड आरशात बघावं," असं एक वकीलीणबाई त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलल्या. बाई वळल्या आणि म्हणाल्या, "रोज बघते. अजून कंटाळा आलेला नाही."

बोलताना त्यांच्या ओठांत नेहमी आकडे असायचे. केसात खोचायचे ते काळे आकडे त्या ओठांत धरून ठेवत, एकेक काढून खोपा बांधत आणि सगळं बोलणं त्या आकड्यांच्या फटींतून चाले. त्यांचा रोजचा राग असाच गाळून यायचा. दूधवाल्यावर, नगरपालिकेच्या नळावर, आमच्या आळशी हातांवर. त्याला आम्ही घाबरत नव्हतो. पण बाईंनी तोंडातले आकडे काढून तळहातावर घेतले, की मात्र समजायचं. तसं मी त्यांना दोनदाच पाहिलं.

मी तिथं गेले ती काही सौंदर्याच्या ओढीनं नव्हे. नापास मुलीला घरात बसवून ठेवण्यापेक्षा काहीतरी शिकवावं, असं आईनं ठरवलं. शिवणाचा वर्ग भरलेला होता. केशभूषा म्हणजे खोपे आणि फुलांच्या वेण्या, लग्नाच्या मुलीला बरं, एवढाच विचार करून तिनं मला माडीवर सोडलं आणि ती भाजी घ्यायला गेली.

वर एकच मोठी खोली. मधोमध एक खुर्ची. लोखंडी पायांची, मागं मान टेकवायला उशी असलेली, पुरुषांच्या सलूनमध्ये असते तशी. होतीच ती सलूनमधली. गिरगावातलं कुठलंसं दुकान मोडलं तेव्हा बाईंनी ती उचलली होती आणि आगबोटीनं इकडं आणली होती. त्या खुर्चीवरून गावात केवढा गहजब! पुरुषांनी दाढ्या करून घेतलेल्या खुर्चीत आपल्या पोरीबाळी बसणार! हीच माणसं एसटीच्या बाकावर, कोर्टाच्या बाकावर, डॉक्टरच्या बाकावर बसताना आधी कोण बसलं होतं याची चौकशी करत नव्हती. खुर्चीसमोर भिंतीला मोठा आरसा होता आणि त्यावर जुनं लुगडं टाकलेलं.

"आरसा झाकलेला का?" मी विचारलं.

"आधी हात. आरसा शेवटी," बाई म्हणाल्या. "बस खुर्चीत. वेणी सोड."

"मी शिकायला आलेय," मी म्हटलं. मला वाटलं, त्यांचा काही घोटाळा झालाय.

"म्हणूनच. ज्या बाईनं आपलं डोकं कधी परक्या हातात दिलं नाही, तिनं दुसऱ्याच्या डोक्याला हात लावू नये. हा इथला नियम. तुझ्या आधी जी आली ती तुझे केस विंचरील. तुझ्यामागून जी येईल तिचे तू विंचरशील. हाजिरा, ये गं."

हाजिरा खाडीकाठच्या राजिवड्याची. तिचे अब्बा बंदरावर होडी चालवायचे; आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, सामान होडीतून तिथवर न्यावं लागे. हाजिराचे हात मोठे, आवाज त्याहून मोठा. मी खुर्चीत अंग चोरून बसले. आईखेरीज माझ्या केसांना कुणी हात लावला नव्हता, आणि मुसलमान मुलीनं लावावा हे तर आमच्या घरात कुणाच्या कल्पनेतही नव्हतं.

"घाबरतंस काय गो बाय?" हाजिरा म्हणाली. "डोका हाय तुझा, फणस नाय. फोडत नाय मी."

मला हसू आलं आणि मान आपोआप मागं टेकली. तिनं खोबरेल हातावर चोळून घेतलं, बोटं केसांत घातली. सांगते, त्या दुपारी मला कळलं की माणसाचं डोकं किती जड असतं आणि ते आपण दिवसभर उगाच एकट्यानं वाहत असतो.

घरी आल्यावर आईनं विचारलं, कुणी विंचरलं? मी सांगितलं. आईनं तिथल्या तिथं मला न्हाणीघरात नेऊन डोक्यावरून पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी मी रडतच ते बाईंना सांगितलं. बाई आकड्यांआडून म्हणाल्या, "रोज धुतलेस तर केस छानच होतील. आईला सांग, शिकेकाई जास्त घाल." आणि हाजिराला म्हणाल्या, "उद्यापासून हिला तेल जरा जास्त लाव. धुऊन जातंय." हाजिरा खदखदून हसली. चार दिवसांत आई पाणी ओतून दमली आणि तो विषय मिटला. पण मला अजूनही त्या ओतलेल्या पाण्याचा राग येतो, तो मिटलेला नाही.

दर आठवड्याला मुंबईचं वर्तमानपत्र आलं की बाईंचा एक कार्यक्रम असे. फण्या रिठ्याच्या पाण्यात भिजत घालायच्या आणि 'वधू पाहिजे'चे रकाने मोठ्यांदा वाचायचे.

"'गोरी, सुस्वरूप, सडपातळ, गृहकृत्यदक्ष वधू पाहिजे. मुलगा मुंबईत कायम.'" बाई पेपर खाली करायच्या. "कायम. कसला कायम ते लिहिलेलं नाही. कायम सर्दी झालेला असेल. आणि दिसायला कसा? लिहिलंय का कुठं? हाजिरा, बघ गं, मला चष्मा लागलाय बहुतेक."

हाजिराला वाचता येत नव्हतं. ती पेपर उलटा धरून गंभीरपणे म्हणायची, "नाय बाई. कायच नाय लिवलेला."

वर्गात 'गोरी' हा शब्द काढायला बंदी होती. जी काढील तिनं त्या दिवशीच्या सगळ्या फण्या घासायच्या. हा नियम बाहेरच्यांना ठाऊक नव्हता. तीच वकीलीणबाई एकदा मुलीला घेऊन वर आली. मुलगी तेरा-चौदाची, तोंडावर इतकी पावडर की भुवयासुद्धा पांढऱ्या. म्हणाली, "हिला जरा गोरी करून द्या. पुढच्या महिन्यात दाखवायचीय." आम्ही सगळ्या फण्यांच्या बादलीकडे बघायला लागलो. बाईंनी ओलं फडकं घेतलं, मुलीची हनुवटी धरली आणि शांतपणे पावडर पुसून काढली. खालून एक छान पोरगी निघाली, नाकावर घाम आलेली. "ही घ्या तुमची मुलगी," बाई म्हणाल्या. "मी फक्त नीटनेटकं करते. रंग बदलायचा तर खाली छत्र्यांना रंग देतात, तिथं विचारा." वकीलीणबाई तणतणत जिना उतरली. मुलगी मात्र जाताना वळून बघत होती. त्याच वकीलीणबाईनं थोरल्या मुलीच्या लग्नात मागच्या दारानं बाईंना बोलावून घेतलं, खोपा घालून घेतला आणि पंगतीच्या आधी मागच्याच दारानं परत पाठवलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्यामागून वर्गात आली ती कमल. कोर्टातल्या हेडक्लार्कची मुलगी. गाव तिच्या वडिलांना अण्णा म्हणायचं. ते स्वतः तिला पोचवायला आले, काळा कोट, काळी टोपी, हातात छत्री. कमल रंगानं बाईंच्यासारखी. बऱ्याच ठिकाणी दाखवून झाली होती आणि सगळीकडून नकार आले होते, हे अण्णांनी तिच्यासमोरच, एखाद्या फेटाळलेल्या दाव्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. मग विचारलं, "दोन महिन्यांत उजळेल ना?"

मला वाटलं बाई आता आकडे काढतात. पण त्यांनी कमलकडे पाहिलं. ती खाली बघत होती आणि पायाच्या अंगठ्यानं फळीची फट चाचपत होती. "शिकेल," बाई एवढंच म्हणाल्या. "उद्यापासून पाठवा."

नियमाप्रमाणे कमलचे केस मी विंचरले. तिनं वेणी सोडली आणि आम्ही सगळ्या हातातल्या फण्या टाकून जवळ आलो. गुडघ्यापर्यंत केस. दाट, जड, काळेभोर. मी दोन्ही हातांनी धरले तरी मावेनात. "एवढे केस असताना नकार कसले देतात मेले?" हाजिरा म्हणाली. कमल पुटपुटली, "केस कोण बघतं? तोंड बघून उठतात."

कमलचा हात या कामात असा बसला की बाईसुद्धा तिच्याकडे बघत उभ्या राहायच्या. विशेषतः गंगावन. विरळ केसांच्या बायकांच्या वेणीत मिसळायला गळलेल्या केसांची जी लड गुंफतात, ते गंगावन. ते विणणं फार चिकट काम. कमल खिडकीत बसून तासन् तास विणायची, आणि तेवढ्या वेळात तिच्या चेहऱ्यावरचा तो दाखवून दाखवून आलेला ओशाळा भाव जायचा. एक दिवस ती मला म्हणाली, "मला इथंच राहायचंय. कुणी मला बघायला येऊ नये असं वाटतं." पण अण्णांनी देवरूखच्या एका बिजवराला अर्धा शब्द देऊन ठेवला होता. वय अण्णांच्याच आसपास, घरात मुलं आणि अंथरुणाला खिळलेली आई. त्यांना बायकोपेक्षा राबणारं माणूस हवं होतं. मुंबईचं एक स्थळ बघायला येणार होतं. ते जमलं तर ठीक, नाही तर वैशाखात देवरूख. असं ठरलेलं होतं, आणि ठरवताना कमलला कुणी विचारलेलं नव्हतं.

मुंबईचे पाहुणे यायच्या दिवशी कमल सकाळीच वर्गात आली. म्हणाली, "बाई, तुम्ही या."

"मी दाखवायच्या कार्यक्रमाला जात नाही. तुला माहीत आहे."

"मी तुमच्या वर्गात डोकं दिलंय," कमल म्हणाली.

 बाईंनी पायांत चपला सरकवल्या आणि त्या निघाल्या. मीही मागं गेले, कारण कमलच्या आईनं मला पोह्यांच्या बशा न्यायला बोलावलं होतं.

बाईंनी तिच्या केसांची साधीच पण सुरेख वेणी घातली, एक अबोलीचा गजरा. पावडरचा डबा अण्णांनी दोनदा आत पाठवला, बाईंनी दोनदा परत पाठवला. मग बाई माजघराच्या दाराशी, भिंतीला टेकून बसल्या. तोंडात उरलेले आकडे होते.

ओसरीवर मुलगा, त्याचा मामा आणि आत्या. मुलगा कुठल्याशा कचेरीत कारकून. त्या दिवसांत मुंबईची तरुण मुलं टोपी टाकून बोडक्यानं फिरायला लागली होती. हा मात्र घरात बसूनही टोपी कपाळापर्यंत ओढून. कमल आली, नमस्कार केला, पाटावर बसली. नाव विचारलं. वाचायला लावलं. सुईत दोरा ओवायला लावला. चालून दाखवायला लावलं. मी बशा घेऊन उभी होते आणि तिची पावलं मोजत होते, कारण उद्या मलाही असंच चालायचं होतं.

मग आत्या म्हणाल्या, "केस फारच लांब दिसतात. ही त्या वर्गात जाते ना? तिथं गंगावनं करतात म्हणे. वेणी सोडून दाखव बघू."

म्हणजे बघा. जिथं तिला तोंड वर करायला शिकवलं, त्या वर्गाचाच तिच्यावर ठपका. कमलनं अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "सोड." एरवी याच घरात तिन्हीसांजेला मोकळ्या केसांनी उंबऱ्यात आली तर ओरडा बसायचा. तिनं वेणी सोडली. गजरा खाली पडला. परक्या पुरुषांसमोर ती गुडघ्यापर्यंत केस मोकळे सोडून उभी राहिली. आत्याचं समाधान होईना. त्या उठल्या, त्यांनी केसांत हात घातला आणि मुळाशी धरून ओढलं. एकदा. मग जरा जोरानं पुन्हा. कमलची मान मागं गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती ब्र काढीना. अण्णा पोह्यांकडे बघत होते.

मी वळून पाहिलं. बाई तोंडातले आकडे काढत होत्या. एकेक करून तळहातावर ठेवले आणि उठून त्या दारात आल्या.

"आत्याबाई, झाली खात्री? केस तिचेच आहेत?"

"आहेत," आत्या म्हणाल्या. "विचारलेलं बरं असतं."

"बरोबर. मग आता मुलाची टोपी काढा."

 मामा म्हणाले, "म्हणजे काय?"

"टोपी. केसांचाच विषय निघालाय, तर दोन्हीकडचे बघून घेऊ. मी ओढणार नाही. नुसते बघेन."

मुलानं टोपी काढली नाही. पण त्याचे दोन्ही हात वर गेले आणि त्यानं टोपी गच्च धरून ठेवली, वारा सुटल्यावर धरतात तशी. वारा तर पान हलेल एवढासुद्धा नव्हता. एवढंच. आत काय होतं ते कुणीच पाहिलं नाही आणि सगळ्यांना दिसलं.

आणि कमल हसली. डोळ्यांतलं पाणी तसंच, केस तसेच मोकळे, आणि ती हसली. आधी नुसती फुसकन. मग तिला आवरेना. तिचं असं हसणं मी वर्गातसुद्धा ऐकलं नव्हतं.

पाहुणे पोहे टाकून उठले. अण्णा त्यांच्यामागं रस्त्यापर्यंत धावले.

गावात काय पसरलं असेल? आत्यानं परक्या मुलीचे केस ओढले, हे? मुलगा टोपी धरून बसला, हे? छे. गावात पसरलं की मुलगी हसली. बघायच्या कार्यक्रमात मुलगी हसली! देवळात, नळावर, कोर्टात, जिथं तिथं तेच. ज्या मुलीला चालायला लावलं, वाचायला लावलं, केसाला धरून ओढलं, तिनं हसणं हा अपराध ठरला, आणि हसायला शिकवणारी बाई त्याहून मोठी अपराधी. आठवडाभरात वर्गातल्या बहुतेक मुलींची नावं कमी झाली. माझंही आईनं केलं. मी उपाशी बसले, भांडले, उपयोग झाला नाही. पाटीवर कुणीतरी डांबर फासलं. छत्रीवाल्यानं माडी रिकामी करायला सांगितलं. त्याच्या बायकोनं गेल्या दिवाळीत बाईंकडून फुकट खोपा घालून घेतला होता, ती जिन्यात उभी राहून तोंड फिरवून होती.

मी आईला चुकवून शेवटचं वर गेले तेव्हा बाई त्या खुर्चीत बसल्या होत्या. एरवी त्या स्वतः कधी तिच्यात बसत नसत. हाजिरा सामान बांधत होती.

"मी चुकले का गं?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "ती ओढ मी मुकाट बघितली असती, तर पोर मुंबईला गेली असती. आता देवरूख. माझ्या एका टोपीपायी पोरीचं लग्न मोडलं."

हाजिरानं दोरीची गाठ दातांनी आवळली आणि म्हणाली, "बाई, तो मेला टक्कल लपवतो. उद्या घरात काय काय लपवला असता कोणाक ठाव?"

बाई हसल्या नाहीत. पायाखाली पडलेलं कमलनं विणलेलं एक लांब गंगावन उचलून त्यांनी नीट गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं.

पावसाआधीची शेवटची आगबोट मे महिन्यात सुटायची. मग समुद्र खवळला की बोटी बंद. त्या बोटीनं बाई मुंबईला निघाल्या. मी देवीला जाते म्हणून घरी सांगितलं, आणि ते तसं खोटं नव्हतं, भगवती बंदराच्या वरच देवीचं देऊळ आहे. दुपारचं ऊन. बंदरावर गर्दी. हाजिराच्या अब्बांनी होडी धक्क्याला लावली होती आणि ती खुर्ची होडीच्या मधोमध दोरांनी आवळून बांधली होती. लुगड्यात गुंडाळलेला आरसा तिच्या पायाशी उभा केला होता. बाई आकड्यांआडून हमालांवर करवादत होत्या. निरोपाला हाजिरा आणि मी, बस्स. ज्यांच्या मुलींचे खोपे घातले त्यांतलं एक घर आलं नाही. तेव्हा मला इतका संताप आला होता की रडू येईना.

तेवढ्यात चढणीवरून कमल आली. हातात तांब्याचं ताम्हन, त्यात नारळ. देवीला निघाल्यासारखी. वैशाख लागला होता. देवरूखचा दिवस ठरला होता.

"निरोप द्यायला आलीस?" बाईंनी विचारलं.

"नाही," कमल म्हणाली आणि ताम्हन माझ्या हातात दिलं. "मी येतेय."

बाई बघतच राहिल्या. "अण्णांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, कोर्टातून आल्यावर बघू."

"हे बघ पोरी, तुझं लग्न माझ्यामुळं मोडलंय. उगाच रागाच्या भरात..."

"तुम्ही नाही मोडलंत," कमल म्हणाली. "तुम्ही नुसती टोपी विचारलीत. हसले ती मी. आता पुन्हा नाही हसता येणार मला, इथं राहिले तर."

 बाईंनी माझ्या हातातल्या ताम्हनातला नारळ घेतला, होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, एका फटक्यात फोडला आणि कमलला हात दिला. होडीत बसायला जागा नव्हती, सगळीकडे बोचकी. बाईंनी तिला खुर्चीत बसवलं. हाजिराच्या अब्बांनी वल्हं धक्क्याला टेकवून होडी सोडली.

होडी थोडी आत गेली असेल, तेवढ्यात बंदरावरच्या कारकुनाला जाग आली. काळी टोपी, कानाला पेन्सिल. तो धक्क्याच्या कडेशी धावत आला आणि ओरडला, "ओ बाई! ती मुलगी कुणाची? कुणाला विचारून नेताय?" गर्दी वळली. अण्णांना ओळखणारे त्यात कितीतरी असणार. कमलच्या केसांची गाठ वाऱ्यानं सुटली होती आणि बाई होडी डुचमळत असताना खुर्चीमागं पाय रोवून उभ्या राहून तिची वेणी घालत होत्या. आरशावरचं लुगडं उडून गेलं होतं आणि त्याची तिरीप आमच्या डोळ्यांवर येत होती.

बाईंनी वेणी एका हातात धरली. दुसऱ्या हातानं तोंडातले आकडे काढले.

"आधी टोपी काढा," त्या ओरडल्या, "आणि मग विचारा!"

कारकुनाचा हात आपोआप डोक्याकडे गेला. आणि पाण्यावरून कमलचं हसू आलं, आधी फुसकन, मग आवरेना असं. बंदरावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं.